मुका उंबरठा

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक घोंगड्या विणणारी बाई राहत होती. तिचे नाव शलोमी. गाव अवघे पंचवीस-तीस उंबऱ्यांचे, पण तिथली ख्रिस्ती मंडळी मोठी हौशी. नाताळच्या आधीचे बारा दिवस रोज दिवेलागणीला भजनी मंडळी डफ आणि झांजा घेऊन निघे आणि दारोदार येशूजन्माची गाणी गाई. प्रत्येक घर उंबरठ्यावर पणती लावून वाट पाही. गाणे संपले की कुणी भाजलेल्या शेंगा देई, कुणी करंज्या. आणि कुणाच्या करंज्या खुसखुशीत व कुणाच्या दात पाडणाऱ्या, याची चर्चा पुढच्या दारापर्यंत चाले.

या गावाची एक रीत होती. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घरापुढे मंडळी गात नसे. शेजारच्या दारचे गाणे आटोपले की डफ काखेत जाई, झांजा मुठीत बंद होत आणि सगळे जण मान खाली घालून, पावलांचाही आवाज होऊ न देता पुढे सरकत. घर ओलांडले की पुन्हा सूर लागे. अशा घराला त्या वर्षापुरते ‘मुका उंबरठा’ म्हणत. ही रीत कुणी घातली हे कुणालाच सांगता आले नसते, पण तिच्यात दुःखाचा मान आहे, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. शलोमीला तर मुळीच नव्हती. तिचा नवरा मंडळीत डफ वाजवी, आणि त्याच्या मागोमाग ती वीस वर्षे अशा कितीतरी उंबरठ्यांपुढून मान खाली घालून गेली होती. एकदा एक नवी सून अशा दारापुढून जाताना नकळत गुणगुणली, तेव्हा शलोमीनेच तिला चांगले फैलावर घेतले होते.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शलोमीचा नवरा तापाने गेला.

लोक भेटायला आले. देवाची इच्छा, असे कुणी म्हणाले. तो सुटला, असे कुणी म्हणाले. शलोमीला माणसांचा राग आला नाही. पण विणून झालेली घोंगडी उजेडासमोर धरून ती जशी कुठे विरळ आहे हे पाही, तसे तिने हे शब्दही उजेडात धरून पाहिले, आणि तिला ते फार विरळ वाटले. पाळकसाहेबांनी तिच्याबरोबर प्रार्थना केली, तेव्हा डोळे मिटून ती फक्त बसून राहिली. विश्वास उडाला होता असे नाही. तो आपल्या घराकडे यायची वाट विसरला आहे, असे तिला वाटत होते.

डिसेंबर निम्मा होत आला. पहिल्या संध्याकाळी गाणी सुरू झाली आणि शलोमी मागावरचा हात थांबवून ऐकू लागली. सूर जवळ आला. शेजारच्या दारी एक कडवे झाले, दोन झाली. मग एकदम काहीच नाही. दारापुढून पावले हलकेच गेली आणि पलीकडे डफ पुन्हा वाजू लागला. गाण्याने आपल्याला रडू येईल, असे तिला वाटले होते. रडू आले ते गाणे थांबले तेव्हा.

असे अकरा दिवस झाले. रोज तोच सूर जवळ येई आणि रोज तिच्या भिंतीपाशी तुटे. वीस वर्षे आपण ज्याला मान समजत होतो तो आतून असा ऐकू येतो, हे तिला आता कळले.

बाराव्या संध्याकाळी तिने पणती पुसली, वात घातली आणि ती उंबरठ्यावर नेऊन ठेवली. सोबतीला येऊन राहिलेल्या नणंदेने ते पाहिले आणि ती चपापली.

“वहिनी, हे काय? दादाला जाऊन चार महिनेसुद्धा झाले नाहीत. लोक म्हणतील, हिला सणाची घाई झाली.”

“म्हणू देत,” शलोमी म्हणाली. “सण मला नकोच आहे. मला गाणं हवंय.”

रीत मोडली म्हणून मंडळी दुखावली गेली, तर उद्या उपासनेत कुणाशेजारी बसायचे, हे तिला ठाऊक नव्हते. आणि लोकांनी ऐकलेच नाही, पाहूनही ते पुढे निघून गेले, तर त्यानंतर हे दार पुन्हा उघडण्याचे बळ आपल्यात उरणार नाही, हे मात्र पक्के ठाऊक होते.

शेजारचे गाणे संपले. तिच्या नवऱ्यानंतर डफ आता गावच्या म्हाताऱ्या लोहाराकडे आला होता. तो काखेत घालून लोहार मान खाली घालून येत होता, म्हणूनच त्याला ती पणती आधी दिसली. तो थांबला, आणि त्याच्यामागे सगळेच थांबले.

“लोहारदादा,” शलोमी म्हणाली, “आज गाणं थांबवू नका. गा.”

“बाई, रीत आहे ना,” लोहार अवघडून म्हणाला. “तुमच्या दुःखाचा मान राखतो आम्ही.”

“मान पोचला, दादा. अकरा दिवस पोचला. आता गाणं पोचू द्या.”

मागून एक जण हळूच पुटपुटला, की बाई रडतील, उगाच सगळ्यांचा सण नासेल.

“रडेन ना,” शलोमी म्हणाली. “तुम्ही गात राहा म्हणजे झालं. मला एवढंच सांगा, देवदूत मेंढपाळांकडे गेले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्याही घरी त्या वर्षी कुणी वारलं नसेल का? मी मेंढपाळांकडून लोकर घेते, त्यांची घरं मला माहीत आहेत. कुणीच वारलं नाही असं वर्ष त्यांच्यात कधी नसतं. देवदूतानं काही त्या दुःखातल्या मेंढपाळाला वगळून बाकीच्यांना सांगितलं नाही.”

लोहाराने मागे वळून मंडळीकडे पाहिले. मग त्याने काखेतून डफ काढला.

गाणे सुरू झाले ते अगदीच बेसूर. झांजा मागे राहिल्या, आणि तिसऱ्या कडव्यात लोहाराचाच शब्द हुकला. ते कडवे शलोमीच्या नवऱ्याने वीस वर्षे उचललेले. क्षणभर सगळे अडखळले, आणि मग दारातूनच, रडत रडत, शलोमीने ते उचलले. गव्हाणीत बाळ निजले, त्याला घरात जागा मिळाली नाही, एवढाच त्या कडव्याचा साधा अर्थ. ते कडवे तिने शेकडो वेळा गायले होते. आज तिला त्याचा अर्थ ऐकू आला. ज्याला घरात जागा नव्हती, त्याला आपल्या रिकाम्या घरात यायला कसली अडचण असणार?

दुःख त्या संध्याकाळी कमी झाले नाही. पण इतके दिवस ती त्याच्याजवळ एकटी बसली होती, ती आता एकटी राहिली नाही. रात्री नणंद-भावजया पोटभर जेवल्या, दादाच्या आठवणी काढून थोड्या हसल्याही. सकाळी उपासनेत बायकांनी सरकून तिला मधोमध जागा दिली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, तेव्हा शेवटचे ‘आमेन’ ती सर्वांबरोबर म्हणाली, आणि ते तिला खरे वाटले.

पुढच्या नाताळात मंडळीने ठरवले, की पहिल्या संध्याकाळचे पहिले गाणे मृत्यू झालेल्या घरी गायचे. त्या वर्षी असे घर एका वृद्ध विधुराचे होते. त्याने दार उघडले नाही. काही जण म्हणाले, जाऊ या. शलोमी म्हणाली, दार उघडायला सांगायचे नाही, पण गाणेही तोडायचे नाही. बंद दारापुढे त्यांनी एक कडवे हळू आवाजात म्हटले आणि ते पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या संध्याकाळी दार वीतभर किलकिले झाले, आणि आतून एक थकलेला आवाज म्हणाला, “आणखी एक म्हणा.”

तात्पर्य एवढेच: देवाचा दिलासा दुःखाच्या दारापुढून मुकाट्याने निघून जात नाही, म्हणून दुःखी माणसाने तो मागायला लाजू नये, आणि इतरांनी तो पोचवणे टाळू नये.