लाडवातल्या तीनशे बारा कळ्या

एकदा एका नदीकाठच्या गावी अप्पा नावाचे एक वृद्ध आचारी राहत असत. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या हातच्या स्वयंपाकाशिवाय पार पडत नसे. त्यांचा शिष्य चिंतामण आठ वर्षं त्यांच्याजवळ शिकत होता. त्याच्या हाताला चव होती, पण त्याचा खरा छंद बारीकसारीक माहिती गोळा करण्याचा. मूठभर तांदळात दाणे किती, जिलबीला वेढे किती, कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, सगळं त्याला तोंडपाठ. लोक कौतुकाने विचारत आणि तो फुलून सांगत असे.

त्या भागात एक रीत होती. पंगतीत पहिलं वरण मुख्य आचाऱ्याने स्वतः वाढायचं, आणि शेवटच्या पानावर ते पडेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. ज्याच्या हाती वरणाची पळी, तो आचारी. बाकीचे सगळे मदतनीस. एका लग्नात अप्पांनी ती पळी पहिल्यांदाच चिंतामणच्या हाती दिली. त्या दिवसासाठी त्याने नवं धोतर घेतलं होतं. आठ वर्षं तो याच दुपारची वाट पाहत होता.

चार पानं वाढून झाली. पाचव्या पानावर नवरदेवाचे मामा बसले होते, मोठे व्यापारी आणि हौशी गृहस्थ.

"तुम्हीच का ते चिंतामण? मग सांगा, बुंदीच्या एका लाडवात कळ्या किती?"

"तीनशे बारा. पण ते झाऱ्यावर असतं. झारा बारीक असेल तर चारशेच्या वर जातात. परवा मी एक लाडू फोडून..."

"अहो, सांगा सांगा."

चिंतामण सांगू लागला. मामांनी मग जिलबीचं विचारलं, शेजारच्याने तांदळाचं. पळीतलं वरण निवलं. पलीकडे साठ माणसं हात आवरून बसली होती. एक लहान मुलगी भाताची मूद बोटाने हळूच कोरत होती.

तेवढ्यात अप्पा आले. त्यांनी चिंतामणच्या हातून पळी काढून घेतली, त्याच्या हाती पाण्याचा तांब्या ठेवला आणि उरलेली पंगत स्वतः वाढून टाकली.

"पाणीवाले आचारी, जरा इकडेही या," कुणीतरी चिमटा काढला.

चिंतामणचे कान तापले. तांब्या खाली ठेवून सरळ घरी निघून जावं, असं त्याला वाटलं. पण समोर एक पेला आला, तो त्याने भरला. मग दुसरा आला.

पाणी वाढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. रांगेच्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईंनी तिसऱ्यांदा पेला पुढे केला, तेव्हा चिंतामणला नवल वाटलं. त्याने त्यांच्या पानाकडे पाहिलं. पहिला वरणभात संपून पान पुसल्यासारखं स्वच्छ झालं होतं. वाढपी "भाजी, भाजी" करत आले. बाईंनी मान वर केली तोवर ते पुढे गेलेही. "पुरी, पुरी" म्हणत दुसरे आले, तेव्हाही तसंच. बाईंना ऐकू येत नव्हतं आणि परक्या माणसांत मागून घ्यायचा संकोच वाटत होता. त्या पाण्यावर पोट भरत होत्या.

चिंतामण त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि बोटांनी पुरीचा गोल करून दाखवला. बाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग चार बोटं वर केली. थोडं थांबून पाचवंही केलं. दोघंही हसले.

त्यानंतर त्याला पंगत निराळीच दिसू लागली. त्या लहान मुलीला भाजी तिखट लागत होती, तिला त्याने दही आणून दिलं. मामांना तूप हवं होतं, पण ते बंद करायला सांगणारे वैद्यबुवाच समोर बसले होते. वैद्यबुवा पाणी पीत असताना त्याने मामांचं काम करून टाकलं.

पंगत उठल्यावर गुरुशिष्य चुलीपाशी जेवायला बसले.

"अप्पा, सगळ्यांसमोर पळी काढून घेतलीत."

"घेतली. तुला लागलं असेल." अप्पांनी भात कालवला. "तू तो लाडू मोजलास ना, तो चवीला कसा होता रे?"

"खाल्लाच नाही. मोजेपर्यंत मुंग्या आल्या."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "कळ्या मोजाव्यात रे. मजा असते त्यात. तुझ्या वयात मीही मोजल्यात. पण लाडू कुणीतरी खाण्यासाठी केलेला असतो, हे मोजताना विसरायला होतं. पळी हाती आली आणि तुला पळीच दिसू लागली. तांब्याकडे कुणी बघत नाही, म्हणून तांब्यावाल्याला सगळे दिसतात. आता दिसले ना? मग संध्याकाळचं पहिलं वरण तूच वाढ."

चिंतामणच्या चेहऱ्यावरचं हसू लपेना.

तेवढ्यात त्या म्हाताऱ्या बाई काठी टेकत चुलीपाशी आल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोटभर जेवले हो!"

"आजी, संध्याकाळी काय करू तुमच्यासाठी?" चिंतामणने बसल्या जागेवरून विचारलं.

आजी नुसत्या हसल्या.

मग तो खरकट्या हाताने तसाच उठला, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सावकाश पुन्हा विचारलं.