ध्यानमातेचा उघडा डोळा

फार लांब नसलेल्या एका डोंगरापलीकडे एक जंगल होते. तिथे वाघ राजा होता. राजा असला तरी तो रीतसर निवडून आलेला होता. त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले दोघे प्रचाराच्या शेवटच्या दिवशी त्याच्या गुहेत जेवायला गेले, ते परत आले नाहीत. त्यामुळे निवड एकमताने झाली.

या जंगलात पाणवठा एकच होता. त्याच्या काठच्या गोट्यांत गोदाक्का टिटवी राहत असे. वाघ पाण्याकडे निघाला की आधी तिला दिसे, आणि मग 'टिटिव टिव, टिटिव टिव' असा गळा काढून ती सगळे रान जागे करी. हरणे पळत, ससे बिळात शिरत, जीव वाचत. जीव वाचला की सगळे म्हणत, "काय मेलीचा अशुभ आवाज!" गोदाक्काला त्याचे काही वाटत नसे. आभाळ पडलेच तर तोलून धरू म्हणून पाय वर करून झोपणाऱ्या घराण्यातली ती. तिचा नवरा नुकत्याच झालेल्या निवडणुकीत गेला. तो बिचारा उभा नव्हता, नुसता मते मोजायला बसला होता.

त्या वर्षी दरबाराने पाणवठ्याचे सुशोभीकरण काढले. सुशोभीकरण म्हणजे चहूबाजूंनी काटेरी कुंपण आणि एकच फाटक. फाटकातून कोणाला सोडायचे ते राजाचा मेहुणा बिबट्या ठरवणार होता. कुंपणाचे कामही त्यालाच मिळाले होते. निविदा त्यानेच उघडल्या, आणि योगायोगाने आत त्याचेच नाव निघाले. कुंपणाची रेघ नेमकी गोदाक्काच्या चार अंड्यांवरून जात होती. अंडी उबवायला घेऊन अठरा दिवस झाले होते. अजून दहा हवे होते.

जंगलाने आधी रिवाजाप्रमाणे मोर्चा काढला. राजाला मोर्चे फार आवडत. मोर्चा आला की तो आतूनच एक डरकाळी फोडी, सगळ्या घोषणा त्यात बुडून जात, आणि दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली जाई की जनतेने राजाचा जयजयकार केला.

मग एका सकाळी खणायला रानडुकरे आली. ओरडेल त्याला हुसकून लावा, असा त्यांना हुकूम होता. गोदाक्का ओरडणारच होती. पण ओरडायचे म्हणजे उठायचे, आणि उठले की अंडी उघडी पडणार. तेव्हा ती पिसे फुलवून अंड्यांवर गप्प बसून राहिली. एक डोळा तेवढा डुकरांवर ठेवला. तिला तशी बसलेली पाहून शेजारचे म्हातारे साळिंदर, बाळोबातात्या, येऊन बाजूला बसले.

"तात्या, तुम्ही कशाला?"

"गुडघे दुखतायत गं. मोर्च्यापेक्षा हे बरं."

तात्यांच्या शेजारी दगडू ससा बसला. त्याच्यामागे चितळांचा कळप बसला. कोणी तरी म्हणाले, हे ध्यान आहे, आणि कोणी तरी डोळे मिटले. दुपारपर्यंत तीनशे जनावरे गुपचूप बसली होती. डुकरांनी हुकूम पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. ओरडणारा एकही सापडेना, तेव्हा ती परत गेली. दरबारचे कोणी हात हलवत परत गेल्याची ही पहिलीच वेळ होती. गोदाक्काला इतका आनंद झाला की तिला ओरडावेसे वाटले, पण ती बसून राहिली.

राजाने दिवाण तरसाला बोलावले.

"घोषणा काय देतायत?"

"देत नाहीत, महाराज."

"पुढारी कोण?"

"टिटवी. पण ती बोलत नाही."

"टिटवी बोलत नाही?" राजाने तोंडातले हाड खाली ठेवले. "मग बसून करतायत काय?"

"विचार करत असावेत."

"त्याची परवानगी कोणी दिली?"

पाच दिवस झाले. राजाची उपासमार होऊ लागली. गप्प बसलेल्या तीनशे जणांच्या कानांना त्याच्या पायाखालचे वाळके पानही ऐकू येई. राजा म्हणाला, "धाड घालू का?" दिवाण म्हणाला, "छे, छे! धाड घातली तर उठतील. आपणच जाऊन बसू."

सहाव्या दिवशी राजा पाणवठ्यावर आला आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. मग भाषणासाठी उठला.

"माझ्या बंधूंनो, भगिनींनो आणि शिंगवाल्यांनो! मी तुमच्यातलाच एक. झुडपामागे दबा धरून बसतो तेव्हा माझ्याइतकं एकाग्र कोण असतं, सांगा बरं? आजपासून ध्यान हे आपलं राजकार्य! डोळे मिटा, रान घडवा!"

"डोळे मिटा, रान घडवा!" तीनशे गळ्यांतून आवाज निघाला. राजाने आपल्याला ऐकले, म्हणून कित्येकांचे डोळे भरून आले. भरलेले डोळे मिटणे सोपे गेले.

लगेच नियम निघाले. डोळे घट्ट मिटावेत. आवाज करू नये. मांसाहारी मंडळींनी सेवाभावाने मागे उभे राहावे. ध्यान शिकवायला कुलगुरू म्हणून अजगर नेमला गेला. अख्खे चितळ गिळल्यापासून तो महिनाभर जागचा हलला नव्हता, त्यामुळे त्याच्या साधनेविषयी शंका नव्हती. आणि पाणवठ्यावर चिखल, डास, गैरसोय. म्हणून ध्यानासाठी दोन कोसांवर सावलीचे मैदान राखून ठेवण्यात आले. सगळे खूश होऊन तिकडे निघाले. पाणवठा वाचवायला बसलो होतो, हे कोणाला आठवले नाही.

गोदाक्काला दरबाराने 'ध्यानमाता' ही पदवी दिली.

"अहो, मी ध्यान करत नव्हते. अंडी उबवत होते," ती म्हणाली.

"किती ही नम्रता!" दिवाण म्हणाला. रोज सकाळी तासभर तिने मैदानातल्या मंचावर बसायचे ठरले. न बसल्यास पदवी काढून घेऊन अंडी अनधिकृत ठरवण्यात येणार होती.

"जा तू," बाळोबातात्या म्हणाले. "मी आहे इथं."

"तात्या, अंड्यांवर बसू नका हं. नुसते बाजूला बसा."

"एवढं कळतं मला, गोदे."

तीन दिवस गोदाक्का मंचावर बसली आणि तास संपला की उडत परत आली. चौथ्या दिवशी अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येत होती, तरी तिला जावे लागले. मैदानात तीनशेंचे डोळे मिटलेले होते. तिचा एक उघडा होता. पिढीजात सवय, ती पदवीने जात नाही. त्या डोळ्याने तिने पाहिले की शेवटच्या रांगेत काल बारा चितळे होती, आज सात आहेत. मग सहा झाली. बिबट्या सेवाभावाने मागे उभा होता आणि मिशा पुसत होता.

"टिटिव टिव! टिटिव टिव! अरे उठा! मागं बघा!"

"शूऽऽ!" सगळे मैदान तिच्यावर खेकसले.

"काय हे आक्का," दगडू ससा डोळे न उघडता म्हणाला. "इतकं छान लागलं होतं!"

"क्रोध हा मनाचा मळ आहे," कुलगुरू ढेकर देत म्हणाले.

दोन कोल्ह्यांनी तिला मंचावरून खाली उतरवले. पदवी जागच्या जागी काढून घेण्यात आली. गोदाक्का जिवाच्या आकांताने पाणवठ्याकडे उडाली.

तेवढ्या वेळात कुंपण पूर्ण झाले होते. छान दाट झाले होते. बाभळीचे काटे कमी पडले असावेत, कारण मध्येमध्ये काळे-पांढरे, लांब, ओळखीचे काटे विणलेले होते. तात्या कुठे दिसत नव्हते. गोदाक्का त्या काट्यांपाशी उतरली. म्हाताऱ्याने तिच्या अंड्यांसाठी जेवढे दिले होते तेवढे तिच्या सख्ख्यांनीही दिले नव्हते.

तेवढ्यात कुंपणाच्या बुडातून बारीक आवाज आला. चार कवचे फुटली होती. टिटवीची पिल्ले जन्मल्या दिवशीच धावू लागतात. काट्यांखालून, जिथे काळे-पांढरे काटे होते नेमकी तिथूनच, चारही एकामागून एक बाहेर आली. त्यांच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.

गोदाक्का त्यांना घेऊन चालत मैदानाकडे गेली. दोन कोस चालायला दुसरा दिवस उजाडला. टेकाडावर उभी राहून ती ओरडली, आणि तिच्यामागून चार इवलेसे गळे ओरडले. दिवाणाने ताबडतोब पाचही जणांवर शांतताभंगाचा गुन्हा नोंदवला. चौघा आरोपींच्या वयाच्या रकान्यात 'एक दिवस' असे लिहिले. मग दवंडी पिटली गेली की रानात संपूर्ण शांतता आहे, आणि मैदानातली गर्दी कमी होते आहे याचा अर्थ साधना वाढते आहे.

पिल्लांचा आवाज मात्र थांबेना. शेवटी दगडू सशाने एक डोळा किलकिला केला. त्याच्या डावीकडची रांग रिकामी होती, उजवीकडचीही. बसायला ऐसपैस झाले म्हणून त्याने पाय पसरले, राजाला मनोमन धन्यवाद दिले आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.