साखरपाणी आणि भांगेची लेक

झाडं आपल्या लेकरांची काळजी मोठ्यानं बोलून दाखवायची, त्या काळातली ही गोष्ट. महादेवाच्या देवळामागं भांगेचं एक झाड होतं आणि त्याच्या सावलीत त्याची कोवळी लेक. शिवरात्रीला भांग घोटणारे तोंड वाकडं करून म्हणाले, "काय कडू आहे रे! ओत साखर." आई धसकली. आपल्या लेकीला कुणी असं म्हणायला नको! मग पातेली विसळलेलं साखरपाणी मागं ओतलं जाई, ते ती मुळांनी वाट करून लेकीकडं वळवू लागली.

चार दिवसांत लेकीच्या मुळाशी मुंग्यांची जत्रा भरली आणि पानांनी माना टाकल्या.

"गांडूळमावशी, माझं काय चुकलं हो?" आईनं विचारलं.

"अगं वेडे, साखर मातीतल्या आम्हा खादाडांनीच फस्त केली. पानापर्यंत पोचतेय कुठली! चव पान स्वतः घडवतं, उन्हात. आणि ऊन तर तूच अडवून उभी!"

"मला वाटलं, सावली तरी नीट जमतेय," आई पुटपुटली. तिनं फांद्या बाजूला घेतल्या, साखरपाणी अडवलं.

पंधरवड्यानं लेकीची नवी पानं वाऱ्यावर हलली आणि उग्र वास सुटला. आईला कितीतरी वर्षांत हा वास आला नव्हता.

"आई, मी कडू आहे का गं?"

"आहेस हो," आई म्हणाली, "अगदी तुझ्या आजीसारखी."