ठकाईची कोंड

मंडळी, इथं झऱ्याच्या उगमाशी हात घालू नका, भाजेल. वीस पावलं खाली या, बोट सोसतं. आणखी खाली, त्या सपाट कातळापाशी, पाणी ऊन आहे की गार हेच कळत नाही, अंगासारखंच लागतं. या डोहाला ठकाईची कोंड म्हणतात. माझ्या चुलत्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

पूर्वी या डोंगरावर बिरू झोरे नावाचा गवळी राहायचा. त्याला दोन बायका. थोरली ठकाई, तिला मूलबाळ नव्हतं. धाकटी राही, तिला एक मुलगी, तुळसा. एका वर्षी वाडीत पोटाची साथ आली. खाल्लेलं अंगी लागेना, माणसं वाळून मरू लागली. राहीनंही अंथरूण धरलं. खालच्या गावचा वैद्य आला आणि म्हणाला, "अन्न बंद. फक्त दही द्या. पण दूध आठ प्रहर एकाच कोमट उबेत राहिलं पाहिजे. ऊब वाढली तर विरजण मरेल, घटली तर दुधातला गोडवा शिल्लक राहील. तो गोडवा हिला सोसायचा नाही."

काम ठकाईकडे आलं. ती चुलीपाशी निखारे मागंपुढं करत बसायची. चार दिवस दही साधलं, राही उठून बसू लागली. पाचव्या दिवशी ठकाईचा डोळा लागला. जाग आली तेव्हा चूल थंड पडलेली. दही दिसायला घट्ट होतं. तिनं जिभेला लावून पाहिलं, गोड. नवं लावायचं तर पुन्हा आठ प्रहर, आणि राही भुकेनं कण्हत होती. शिवाय आपण झोपलो हे सांगायचं कोणत्या तोंडानं? तिनं तेच भरवलं. "आक्का, आज आंबट नाही गं," राही म्हणाली, असं सांगतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी राही गेली.

सवतीनं मारली, असं लोक बोलले. ठकाईनं तोंड उघडलं नाही.

महिन्याभरात तुळसाही आजारी पडली. पाच वर्षांची पोर. बिरूनं ठकाईला मडक्याला हात लावू दिला नाही. त्याच्या बहिणीनं, सखूनं, दही लावलं. एकदा नुसतं चोथापाणी झालं, एकदा गोड राहिलं. पोर निपचित पडली. तेव्हा ठकाई अंगणात येऊन सगळ्यांदेखत म्हणाली,

"राहीचं वाईट मी चिंतलं नव्हतं. पण मी झोपले होते, आणि दही गोड आहे हे मला ठाऊक होतं. आता घरात नाही लावत. कोंडीत उभी राहून लावते. माझी पापणी मिटली तर दगड घाला मला."

 मग बिरूनंच मडकं आणून तिच्या हातात दिलं.

माघातला वारा सुटला होता. ठकाई कमरेइतक्या पाण्यात, मडकं गळ्यापर्यंत बुडवून. वारा वाढला की एक पाऊल उगमाकडे, दुपार तापली की एक पाऊल खाली. दही आंबट उतरलं. ते पोरीला गेलं की लगेच दुसरं मडकं. काठावर बायका बसल्या होत्या, हाताशी दगड घेऊन. तिसऱ्या दिवशी ठकाई झुलू लागली, डोळे मिटले. कुणी दगड उचलला नाही. सखूनं लुगडं खोचलं आणि ती पाण्यात उतरली.

"वैनी, मडकं माझ्याकडं दे. घटकाभर नीज."

त्यानंतर दोघींनी मिळून एकवीस दिवस काढले म्हणे. तुळसा जगली, चालू लागली. ठकाईच्या पायांची कातडी मात्र पाण्यानं सोलून निघाली, जखमा चिघळल्या. शिमग्याआधी ती गेली. शेवटपर्यंत ती राहीचंच नाव घेत होती.

आजही आमच्याकडे आजाऱ्याचं दही घरात लावत नाहीत, इथं लावतात. आणि मडक्यापाशी बसणारीसोबत दुसरी एक बाई असतेच. पहिलीला झोप लागली, तर ती झोप तिला लपवावी लागू नये म्हणून.