वित्रोपिलचा सैल दोर

फार वर्षं झाली. इतकी, की ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांची नातवंडंसुद्धा आता उरलेली नाहीत.

युक्रेनच्या गवताळ माळावर वित्रोपिल नावाचं खेडं होतं. पूर्वेची नदी दिवसभराच्या वाटेवर, पश्चिमेची तेवढीच लांब, आणि मधल्या उंचवट्यावर नुसता वारा. मग तिथून रेल्वे गेली. लोकांची निम्मी शेतं रुळांखाली गेली. पण स्टेशन आलं, इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना आला. घरटी एक माणूस कामाला लागला.

पण इंजिनाला पाणी लागतं, आणि वित्रोपिलच्या विहिरी सगळ्या खारट. ते पाणी पिऊन माणसं जगत, इंजिनं जगेनात. बॉयलरला आतून पांढरा थर धरे. शेवटी रेल्वेचा इंजिनिअर आला आणि सांगून गेला, "पोक्रोवाच्या सणापर्यंत गोडं पाणी दाखवा. नाहीतर स्टेशन पुढच्या गावी हलवतो."

पोक्रोवा म्हणजे थंडीच्या तोंडावर येणारा देवमातेचा सण. त्याला सात आठवडे उरले होते. शेतं गेलीच होती, आता स्टेशनही जाणार! गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या गावात हाव्रिलो नावाचा विहिरी खणणारा होता. जमिनीला कान लावला की त्याला खालचं पाणी ऐकू येई, असं म्हणतात. तो तीन दिवस माळावर पालथा पडून होता. चौथ्या दिवशी कारखान्यामागे उठून बसला आणि बायकोला म्हणाला, "मोत्र्या, आहे. पण फार खाली आहे. आणि कोंडलेलं आहे."

मोत्र्याचा बाप असल्याच कोंडलेल्या पाण्यात गेला होता.

तरी खणायला सुरुवात झाली तेव्हा रहाटाची मूठ तिनेच धरली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती नवऱ्याचा दोर देईना. खालून एक हिसका आला की मातीची बादली वर ओढायची. दोन हिसके आले की त्यालाच वर घ्यायचं. हाव्रिलो दहा पुरुष खोल गेला, वीस गेला. वरून पाहिलं तर त्याची मेणबत्ती मोहरीएवढी दिसे. जरा वेळ हिसका आला नाही की मोत्र्याचा जीव टांगणीला लागे. वाऱ्याने दोर हलला तरी ती दचके. जेवताना घास हातातच राही.

पाचव्या आठवड्यात निळी चिकणमाती लागली आणि मेणबत्ती विझू लागली. हाव्रिलो वर आला तेव्हा त्याचे ओठही मातीसारखेच निळे होते.

"पुरे आता," मोत्र्या म्हणाली. "जाऊ दे ते स्टेशन."

"आणि या लोकांनी काय खायचं? वारा?"

"मला काय त्यांचं!" ती बोलून गेली. मग तिने स्टेशनपलीकडच्या घरांच्या रांगेकडे पाहिलं. दारोदारी बायका उभ्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे तिच्याच हातांकडे लागले होते. तिने पुन्हा मूठ धरली.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिनिअर सामान हलवायला गाड्या घेऊन आला. सारं गाव विहिरीभोवती जमलं. पाद्रीबाबाही आले. एवढ्यात पायांखालची जमीन थरथरली. गाडी जाताना थरथरते तशीच. पण रुळांवर गाडी नव्हती.

दोन हिसके आले.

मोत्र्याने मूठ फिरवली. पहिले चार-पाच फेरे जड गेले. मग दोर एकाएकी हलका झाला. सैल पडला. खालून नुसती घरघर ऐकू येत होती.

मेलेल्या माणसासाठी काढतात तशी पाद्रीबाबांनी टोपी काढली. मागोमाग सगळ्या पुरुषांनी काढल्या. इंजिनिअर हळूच म्हणाला, "बाई, सोडा. दोर तुटला."

"तुटला असेल तर टोक वर येईल," मोत्र्या म्हणाली. "टोक बघितल्याशिवाय मी सोडायची नाही. आणि टोप्या घाला आधी डोक्यावर!"

ती मूठ फिरवत राहिली. दोराला काहीच वजन नव्हतं, आणि तेच सगळ्यात जड होतं. तळव्यांची साल निघाली. कुणी खांद्याला धरलं, त्याला तिने कोपराने ढकललं. कारखान्याच्या छपरावरचं ऊन या टोकाचं त्या टोकाला गेलं तरी ती थांबली नाही, असं म्हणतात.

मग विहिरीतून गार वाफ आली. खाली काळोखात आभाळाचा एक तुकडा चमकला आणि वर वर येऊ लागला. ते पाणी होतं. त्या पाण्यावर, कमरेला दोर बांधलेला, उताणा तरंगत हाव्रिलो येत होता. त्याने मोकळं केलेलं पाणीच त्याला उचलून आणत होतं, म्हणून दोराला वजन नव्हतं. मोत्र्याने दोर सोडला असता तर त्याची सैल वेटोळी हाव्रिलोच्याच गळ्यात पडली असती.

पाणी काठाखाली दोन हातांवर येऊन थांबलं. इंजिनिअरने ओंजळभर चाखलं, पुन्हा चाखलं, आणि गाड्या रिकाम्याच परत पाठवल्या.

हाव्रिलो जगला. पण त्या दिवसापासून त्याला ना इंजिनाची शिट्टी ऐकू आली, ना मोत्र्याचा आवाज. ती बोलत राही, तो तिच्या ओठांकडे बघत राही. दोघं खूप म्हातारी होऊन गेली.

आता तिथे विजेची इंजिनं आहेत, त्यांना पाणी लागत नाही. स्टेशनच्या पाण्याच्या टाकीत पाखरं राहतात. विहिरीवरचा रहाट मात्र गाव दुरुस्त करत आलंय. ज्या बाईचं माणूस गाडीत बसून लांब गेलंय आणि ज्याची काही खबर नाही, ती तिथे येते, रिकामा दोर तळापर्यंत सोडते आणि एकटीने वर ओढते. मध्येच थांबत नाही. तिला कुणी काही विचारत नाही. जवळून जाणाऱ्या पुरुषांनी टोपी काढायची नाही, एवढाच तिथला नियम आहे.