कानामागून आलेली टोपी

टोप्यांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. ऑपरेशन थिएटरमध्ये मागे नाडी बांधायच्या जुन्या टोपीचं राज्य होतं. एके दिवशी कुमुद सिस्टर नवीच टोपी घालून आल्या. तिला दोन्ही बाजूंना एकेक बटण होतं.

"उघडायचं काहीच नाही, मग बटणं कशाला?" खुंटीवरून जुनीने सिस्टरांच्या तोंडावरच्या मास्कचे कान भरले. "जपून राहा बाबा. ही तुला टोपी घालणार!"

मास्क घाबरला. त्याने सिस्टरांचे कान आणखी घट्ट आवळले. कानांमागे रक्त आलं. कळवळून सिस्टरांनी त्याचे पट्टे कानांवरून काढले आणि त्या बटणांना अडकवले.

"बघा, कानामागून आली अन् तिखट झाली!" जुनी फणकारली.

"तिखट?" कान म्हणाले. "अगं बाई, आमच्यामागची आग आजच विझली."