राजाचा ओला तुरा

"ह्या तुऱ्याला कुणाची लाळ लागलीय?" फत्तेराव राजा भर दरबारात गरजला.

पगडी नवीकोरी. तुरा मात्र चिंब, वर चघळलेला! दिवाणानं तुरा हुंगून पाहिला. नको ती कामं त्याला फार आवडायची.

"दुधाचा वास येतोय, महाराज!"

बयजाला बोलावणं गेलं. ही बाई घरीच पगड्या बांधून विकायची. नवरा दूर मुलखात शिपाई, त्यामुळं चूल पेटायची ती पगड्यांवरच. आली ती सात महिन्यांची पोर कडेवर घेऊनच.

"माफी असावी. पोरीला दात येतायत, हाताला लागेल ते चावते. नवा तुरा लावून देते."

एवढ्यावर मिटायला काय हरकत होती? पण राजाच तो! रिकामं डोकं, वर पगडी.

"एका घरात एकच काम! आईपण करायचं तर सुई बंद. धंदा करायचा तर पोर दुसरीकडं ठेव. घरात बसून लेकरंही सांभाळतो आणि कामही नीट करतो, असा एक माणूस आमच्या राज्यात दाखव. नाहीतर आजपासून तुझा धंदा बंद!"

दिवाण खिदळला. "कुठला आणतेय! द्या बिचारीला सांजेपर्यंत मुदत."

"मुदत कशाला?" बयजा म्हणाली. "माणूस समोरच बसलाय."

"कोण?"

"तुम्ही!"

भालदाराच्या हातातली काठी निसटली.

"आम्ही? आम्ही काय पोरं खेळवतो?"

"रयत तुम्हाला काय म्हणते, महाराज?"

"मायबाप सरकार!" राजानं छाती फुगवली.

"मग? बापाच्या आधी माय झालात की! लाखभर लेकरं तुमची. कुणी रडतंय, कुणी भांडतंय, हे दिवाणजी तर अजून कडेवरून उतरायला तयार नाहीत! आणि सरकारी कारभार चालतो कुठून? राहत्या वाड्यातून! आता तुमचाच हुकूम, एका घरात एकच काम. बोला, काय सोडता? मायबाप की सरकार? तुम्ही एक सोडा, मीही लगेच सोडते!"

राजानं डोकं खाजवलं. काम नीट होत नाही म्हणावं, तर स्वतःचीच अब्रू जाते! शेवटी तो असा हसला, असा हसला की सिंहासन करकरलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं बयजाला दिलं.

"आजपासून दरबारातल्या सगळ्या पगड्या हिच्या घरी! आणि दिवाणजी, डोक्याचं माप द्यायला पहिले तुम्ही जायचं."

"जी, महाराज."

"पगडी बांधून होईस्तोवर पोरगी तुमच्या कडेवर!"